साथीच्या दिवसांत मूल बोर्डिंगात पाठवताना

मूल दहावी-बारावी झाले. पुढे शिकायचे तर तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी जावे लागते. रोज एस.टी.ने जाणे-येणे जमत नाही. मग वसतिगृह आले. वसतिगृहालाच आपण बोर्डिंग म्हणतो. तिथे एका खोलीत चौघे-पाचजण राहतात. एका मेसमध्ये शे-दोनशे ताटे लागतात. एरवी ही गोष्ट आनंदाची. पण साथ आली की आई-बापाच्या पोटात गोळा येतो. पाठवायचं, की घरीच ठेवून घ्यायचं?

आमचे उत्तर सरळ आहे. सरकारने बोर्डिंग बंद केले असेल तर प्रश्नच मिटला. पण बोर्डिंग चालू असेल, तर मुलाला पाठवावे. मात्र तयारी करून पाठवावे. ही तयारी तीन प्रकारची आहे. पेटीची, सवयींची आणि मनाची. पेटी एका दिवसात भरते. सवय लागायला पंधरा दिवस पुरतात. मनाची तयारी मात्र आई-बापांनीच करून द्यायची असते. तीच सर्वांत मोठी, आणि नेमकी तीच राहून जाते.

मागे काय घडले?

करोनाची साथ सर्वांना आठवत असेल. भारतातला पहिला रोगी ३० जानेवारी २०२० रोजी केरळात सापडला. ती एक विद्यार्थिनीच होती. चीनमधल्या वुहान शहरात डॉक्टरकी शिकत होती. महाराष्ट्रात पहिले रोगी ९ मार्च २०२० रोजी पुण्यात सापडले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. बोर्डिंगे ओस पडली. मुले वळकट्या घेऊन गावी आली.

महाराष्ट्रातली कॉलेजे उघडली ती २० ऑक्टोबर २०२१ रोजी. म्हणजे दीड वर्ष उलटून गेले. जानेवारी २०२२ मध्ये ती पुन्हा काही दिवस बंद झाली. पुढे ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्या साथीची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले.

आणीबाणी संपली. पण गावी आलेली सगळी मुले परत बोर्डिंगात गेली नाहीत. कुणी ऊसतोडीला गेला. कुणी वीटभट्टीवर लागला. कित्येक मुलींची लग्ने घाईने उरकली गेली. ज्यांना रोगाने नेले त्यांचे दुःख आहेच. पण जी मुले धडधाकट राहिली आणि तरी शिक्षणाला मुकली, त्यांचेही नुकसान साथीनेच केले.

साथ ही काही एकदाच येणारी पाहुणी नव्हे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १९१८ साली इन्फ्लुएंझा आला. २००९ साली स्वाइन फ्लू आला, आणि त्याचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला. २०२० साली करोना आला. पुढेही एखादी साथ येईल. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही. म्हणून हा विचार आत्ताच करून ठेवावा.

रोगाची वाट ओळखा

चोर कोणत्या वाटेने येतो हे कळले, की कडी कुठे लावायची हे कळते. रोगाचेही तसेच आहे.

पटकी, कावीळ, विषमज्वर हे रोग घाण पाण्यातून आणि उघड्या अन्नातून येतात. तिथे पाणी उकळून प्यावे, अन्न झाकून ठेवावे. हिवताप आणि डेंग्यू डासांमार्फत येतात. तिथे साचलेले पाणी काढावे, मच्छरदाणी लावावी. प्लेग उंदरांच्या अंगावरच्या पिसवांतून माणसापर्यंत येतो.

फ्लू आणि करोना यांची मुख्य वाट निराळी आहे. ती श्वासाची वाट. रोगी खोकतो, शिंकतो, मोठ्याने बोलतो, तेव्हा तोंडातून बारीक तुषार उडतात. मोठे तुषार थोड्या अंतरावर खाली पडतात. अगदी बारीक कण मात्र बंद खोलीत हवेत तरंगत राहतात. जवळचा माणूस तीच हवा आत घेतो.

हे समजायला एक उदबत्ती पुरे. दारे-खिडक्या लावलेल्या खोलीच्या एका कोपऱ्यात उदबत्ती लावा. थोड्या वेळाने दुसऱ्या कोपऱ्यात वास येतो. आता समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघडा. वास विरून जातो. करोनाचा कण उदबत्तीच्या धुरासारखाच वागतो. फरक एवढाच, की त्याला वास नाही आणि तो दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. करोनात माणसाला ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होऊ शकत असे. म्हणजे समोरचा ठणठणीत दिसतो आहे, म्हणून काळजी सोडून चालत नाही.

मेसमध्ये जेवताना

आई-बापांना वाटते, की मेसच्या भाजी-भाकरीतून करोनासारखा रोग येईल. ती भीती नको. शिजवलेल्या अन्नातून करोना पसरतो असे आढळले नाही. मग साथीत मेसची काळजी का घ्यायची? कारण जेवताना मास्क काढावाच लागतो. तोंड उघडे, शेजारी लागून शेजारी, समोर तोंडाला तोंड, आणि त्यात गप्पा. असा अर्धा तास जातो. दिवसातून दोनदा. धोका आहे तो भाकरीत नाही, पंगतीच्या दाटीत आहे.

म्हणून मुलाला पुढच्या गोष्टी समजावून सांगा.

जेवायला जाण्याआधी साबणाने हात धुवावेत. एक ते वीस अंक सावकाश मोजावेत, तोवर हात चोळावेत. साबण कशासाठी? करोनाच्या विषाणूभोवती तेलकट वेष्टन असते. साबणाने ते फुटते आणि विषाणू मरतो. तेलकट भांडे नुसत्या पाण्याने निघत नाही, हे घरातल्या बायांना सांगायला नकोच.

रांगेत चार हात अंतर ठेवावे. चार हात म्हणजे सहा फूट. ताट वाढून घेईपर्यंत मास्क नाकावर असू द्यावा. वाढप्यानेही मास्क लावावा. डाव आणि पळी एकाच्याच हातात असावी. ज्याने त्याने पातेल्यात हात घालू नये.

समोरासमोर बसू नये. सगळ्यांनी एकाच दिशेला तोंड करून बसावे, मध्ये जागा सोडावी. मेसच्या खिडक्या उघड्या असाव्यात. अंगणात किंवा झाडाखाली बसता आले तर फारच बरे. जेवताना बोलू नये. गप्पा जेवण झाल्यावर, मास्क लावून, बाहेर माराव्यात.

ताट, वाटी, पेला ज्याचा त्याने वापरावा. पाण्याची बाटली एकमेकांना देऊ नये. एकाच ताटात जेवणे हे एरवी दोस्तीचे लक्षण आहे. साथीत मात्र दोस्ती दुसऱ्या रीतीने दाखवावी.

अंतर म्हणजे शिवाशिव नव्हे

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपल्या देशात अंतर ठेवण्याची एक वाईट रीत होती. जात पाहून माणसाला लांब बसवत. ती रीत मोडायला थोर माणसांनी आयुष्य वेचले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला जेवत. त्या मुलांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले. अशा कष्टाने ती पंगत उभी राहिली आहे.

साथीतले अंतर निराळे आहे. ते सर्वांना सारखे असते. ते रोगाला धरून असते, माणसाला धरून नसते. आणि साथ गेली की ते संपते. कुणी साथीचे निमित्त करून एखाद्या मुलाला त्याची जात पाहून किंवा त्याची वस्ती पाहून बाजूला बसवत असेल, तर ती आरोग्याची काळजी नव्हे. तिथे मुलाने गप्प बसू नये. आई-बापांनीही बसू नये. रेक्टरकडे जावे, तिथे ऐकले नाही तर त्यांच्या वरच्यांकडे जावे.

आजारातून उठलेल्या मुलाचेही तेच. डॉक्टरांनी बरा झाला म्हटले, की तो पहिल्यासारखा पंगतीत आला पाहिजे. त्याला कोणी हिणवता कामा नये.

रेक्टरना काय विचारावे?

बोर्डिंगात मूल सोडायला जाल तेव्हा संकोच धरू नका. ‘आपण अडाणी, आपण काय विचारणार?’ असं मनात आणू नका. तुम्ही आता वाचू-लिहू शकता. हे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. एका खोलीत किती मुले? खिडक्या उघडतात का?
२. जेवणाच्या पाळ्या केल्या आहेत का? कोणती पाळी किती वाजता?
३. मूल आजारी पडले तर त्याला वेगळी खोली आहे का? तिथे ताट कोण पोचवणार?
४. डॉक्टर कोण? दवाखाना किती लांब? रात्री गाडीची सोय काय?
५. बोर्डिंग अचानक बंद झाले तर मुले घरी कशी पोचवणार? आम्हाला फोन कोण करणार?

चांगले रेक्टर या प्रश्नांनी रागावत नाहीत. उलट, आई-बाप जागरूक आहेत हे पाहून त्यांना बरेच वाटते. उत्तरे लिहून घ्या. रेक्टरांचा आणि मेसवाल्यांचा फोन नंबर घरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मोबाइल हरवतो, भिंत हरवत नाही.

पेटीत काय भरावे?

कपडे-अंथरूण तर नेहमीचेच. साथीसाठी वेगळे सामान फार लागत नाही.

तीन पदरी सुती कापडाचे चार मास्क द्यावेत. घरी शिवले तरी चालतात. रोज वापरलेला मास्क साबणाने धुवावा आणि उन्हात वाळवावा. ओला किंवा मळका मास्क लावू नये. नाक उघडे टाकून नुसते तोंड झाकणे म्हणजे एक दार लावून दुसरे उघडे ठेवण्यासारखे आहे.

अंगाचा साबण वेगळा, हाताचा वेगळा. स्वतःचा टॉवेल, ताट, वाटी, पेला, पाण्याची बाटली. प्रत्येकावर मुलाचे नाव घालावे. ताप मोजायची नळी, म्हणजे थर्मामीटर. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तापाच्या गोळ्या, आणि त्या कशा घ्यायच्या हे लिहिलेला कागद. दम्याचे किंवा आणखी कसले औषध चालू असेल तर ते महिनाभर पुरेल इतके. मुलीला महिन्याच्या दिवसांत लागणारे सामान दोन महिन्यांचे द्यावे. दुकाने बंद झाली तर ती कुणाकडे मागणार?

आधारकार्डाची आणि लस घेतल्याच्या दाखल्याची नक्कल द्यावी. २०२१ साली कॉलेजे उघडली तेव्हा लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्यांनाच वर्गात घेत होते. पेटीच्या तळाशी एस.टी.च्या परतीच्या भाड्याएवढे पैसे ठेवावेत. त्यांना एरवी हात लावायचा नाही.

लशीबद्दल थोडे सांगतो. १८९७ साली मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि ती सर्वांत आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. करोनाची लस आपल्या देशात १६ जानेवारी २०२१ पासून देऊ लागले. लस घेतली तरी रोग होऊ शकतो. पण तो जिवावर बेतण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. साथीवर लस निघाली असेल आणि डॉक्टर घ्या म्हणत असतील, तर ती घेऊनच मुलाला पाठवावे.

सवयी घरीच लावाव्यात

बोर्डिंगात गेल्यावर मूल एकदम नवे काही शिकत नाही. घरची सवय तिथे उपयोगी पडते. म्हणून निघायच्या आधी पंधरा दिवस घरीच सराव करावा. आपले ताट आपण घासायचे. मास्क आपण धुवायचा. झोपताना खिडकी उघडी ठेवायची. खोकला आला की कोपरात खोकायचे, हातात नाही. थर्मामीटर लावून आकडा वाचायचा. मुलगा असो की मुलगी, काम एकच. मुलगा म्हणून ताट घासण्यातून सुटका नाही.

खोलीतही एक युक्ती आहे. खाटा हलवायला जागा नसेल, तर एकाचे डोके जिकडे, तिकडे शेजाऱ्याचे पाय करावेत. तोंडाला तोंड येत नाही.

सुटीत घरी आल्यावर

साथीच्या काळात मूल सुटीला आले, की त्याला लगेच आजीच्या कुशीत बसवू नये. ऐकायला हे कठोर वाटते. पण करोनाने तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांचे बळी फार घेतले. लागण झाल्यापासून त्रास दिसायला १४ दिवसांपर्यंत वेळ लागू शकत असे. म्हणून त्या वेळी १४ दिवस वेगळे राहायला सांगत. पुढच्या साथीत जितके दिवस सांगतील तितके पाळावेत. मुलाचे अंथरूण ओसरीवर किंवा पडवीत टाकावे. आजीशी अंगणातून बोलावे. काही दिवसांचाच प्रश्न असतो.

ताप लपवू नये

आता शेवटची आणि मोठी गोष्ट. बोर्डिंगातल्या मुलाला ताप येतो तेव्हा तो काय करतो? पुष्कळदा तो लपवतो. एक गोळी गिळतो आणि मेसच्या रांगेत उभा राहतो. का? त्याला वाटते, रेक्टर घरी पाठवतील. परीक्षा बुडेल. सोबती लांब पळतील. बापाने कर्ज काढून फी भरली आहे, ती वाया जाईल. आईला कळले तर ती रडेल. तो वाईट मुलगा नसतो. तो आपल्याला त्रास नको म्हणून लपवतो.

लपवण्याने काय होते ते १८९७ साली पुण्याने पाहिले. प्लेगच्या वेळी गोरे सोल्जर घरोघरी शिरून रोगी शोधत. त्या धाकाने लोक आजारी माणसे दडवून ठेवत. धाकाने रोग बाहेर येत नाही, तो आत दडतो. त्याच साथीत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत होत्या. त्यांनी रोग्याला दडवले नाही आणि हाकललेही नाही. त्याला उचलून दवाखान्यात नेले. ती सेवा करताना त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या वारल्या.

म्हणून मुलाला धाक घालू नये. त्याला स्पष्ट सांगावे. ताप १०० च्या वर गेला, घसा धरला, खोकला लागला, वास येईनासा झाला, की त्याच तासाला रेक्टरना सांगायचे. मग घरी फोन करायचा. मेसमध्ये जायचे नाही, ताट खोलीवर मागवायचे. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर नावाचे यंत्र असते. त्यात ऑक्सिजनचा आकडा ९५ किंवा त्याहून जास्त असावा. ९४ च्या खाली आला किंवा धाप लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. लगेच दवाखाना.

एका मुलाने वेळेवर सांगितले, तर खोलीतली चार मुले वाचतात. त्याने लपवले, तर आठवड्यात सारे बोर्डिंग आजारी पडते. मग ते बंद होते आणि सगळ्यांचेच शिक्षण बुडते.

हे तोंडाने सांगितलेले मूल विसरते. म्हणून एक काम करा. आपल्या हाताने एक चिठ्ठी लिहा. अक्षर वाकडे आले तरी हरकत नाही. आईने लिहिली तर आणखी चांगले. मुलाला ती आईची पहिली चिठ्ठी असेल, आणि ती तो जपून ठेवील. चिठ्ठी अशी लिहावी:

‘बाळा, तब्येत बिघडली तर लपवू नको. लगेच सरांना सांग. मग आम्हाला फोन कर. आम्ही रागावणार नाही. फी बुडाली तर बुडू दे. बरा झालास की पुन्हा शीक. शाळा सोडायची नाही.’

मुलगी असेल तर ‘बरी झालीस की पुन्हा शीक’ असे लिहा. आणि तिच्यासाठी एक ओळ जास्त लिहा: ‘साथ आली म्हणून तुझं लग्न उरकणार नाही.’

चिठ्ठीखाली आई आणि बाप दोघांनी सही करावी. अंगठा नको, सहीच करावी. चिठ्ठी चार घड्या घालून पेटीत अगदी वर ठेवावी, म्हणजे पेटी उघडताच हाताला लागेल.